समुद्रकाठच्या परदेशी गावातले पहिले तीन महिने: काय बघायचं आणि काय लगेच ठरवायचं नाही

समजा, एकाच परदेशी बंदरगावात एकाच दिवशी दोघं जण राहायला आले. पहिला सकाळी पोचला. धक्क्याच्या भिंतीला टेकलेलं निळंशार पाणी, त्यावर डुलणाऱ्या होड्या, वारा जवळजवळ नाहीच. दुसरा दुपारी चारला उतरला. त्याच धक्क्यावरून त्याला अर्धा किलोमीटर नुसता चिखल दिसला, होड्या कुशीवर कलंडलेल्या, नाकात शेवाळाचा कुजका वास आणि तोंडावर सपासप वारा. रात्री दोघांनी घरी फोन केला. एक म्हणाला, स्वर्ग आहे. दुसरा म्हणाला, फसलो.

खोटं कोणीच बोलत नव्हतं. समुद्रकाठचं गाव सहा तासांनी बदलतं, दुपारी बदलतं, पंधरवड्याने बदलतं आणि मोसम पालटला की ओळखूसुद्धा येत नाही. त्यामुळे पहिलं मत जरूर लिहून ठेवा, फक्त पेन्सिलीने लिहा. मी त्या दुसऱ्या माणसाच्या जातीची. पहिल्याच आठवड्यात घर बदलायचा निश्चय केला होता आणि तो अमलात आला नाही तो निव्वळ आळसामुळे. मी ज्या क्रमाने शिकायला हवं होतं, तो क्रम खाली देते.

पायरी १: पहिल्याच दिवशी भरती-ओहोटीचं कोष्टक मिळवा

बँकेचं खातं दोन दिवसांनी उघडलं तरी चालेल, हे आधी करा. बंदराच्या कचेरीत, पर्यटकांच्या माहिती केंद्रात किंवा देशाच्या हवामान अथवा जलसर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर ते मिळतं. कोष्टक त्याच गावाचं किंवा सर्वांत जवळच्या बंदराचं हवं. शंभर किलोमीटरवरच्या बंदराच्या वेळा कित्येकदा काही तासांनी वेगळ्या असतात. तिथीवरून भरतीची वेळ काढायचा आडाखा कोणाला येत असेल, तर तोही ज्या किनाऱ्यासाठी बसवला आहे तेवढ्यापुरताच चालतो. चंद्र सगळीकडे तोच असला तरी पाण्याला येणाऱ्या वाटा वेगळ्या, त्यामुळे वेळा वेगळ्या.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या येतात. दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आज तुमच्या फिरण्याच्या वेळी पाणी काठोकाठ असेल तर आठवडाभराने त्याच वेळी ओहोटी असणार, हा हिशोब एवढ्यावरूनच निघतो. पण जगभर हे असंच आहे असं धरून चालू नका. मेक्सिकोच्या आखाताच्या बऱ्याच भागात दिवसाला एकच भरती येते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला भरतीचं पाणी दोनदा शिखर गाठतं. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, म्हणजे पाच मजली इमारत बुडेल इतका, तर भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी तो अर्धा मीटरही नसतो. तुमचं गाव भूमध्यावर किंवा बाल्टिकवर असेल तर ही पायरी निम्म्याने सोपी होते. तिथे पाण्याची पातळी चंद्रापेक्षा वाऱ्यावर आणि हवेच्या दाबावर जास्त हलते.

कोष्टक वाचताना तीन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली म्हणजे वेळ. काही छापील कोष्टकं वर्षभर एकाच प्रमाणवेळेत असतात. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करणाऱ्या देशांत त्यात एक तास मिळवावा लागतो. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही.

दुसरी, उंचीचे आकडे. ते ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून मोजलेले असतात, तर जमिनीच्या नकाशावरची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. 'माझं घर पाच मीटरवर आहे आणि भरती सहा मीटरची, म्हणजे मी बुडणार' असा घाबरलेला हिशोब मी एकदा मांडला होता. दोन आकड्यांची शून्यं वेगळ्या जागी आहेत, एवढंच त्याचं उत्तर.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात ते एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकं चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. ओहोटीला दूरवर चालत गेलेला माणूस पहिला तासभर निर्धास्त असतो, पाणी कुठे हलतंय असं त्याला वाटतं आणि परत फिरेपर्यंत मधली वाट गेलेली असते. सपाट किनाऱ्यावर पाणी समोरून येतच नाही, ते खोलगट ओहोळांतून मागच्या बाजूने येतं. इंग्लंडच्या वायव्येला मोरकॅम्बच्या उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर असेच बुडाले. नव्या देशात आलेली, तिथली भाषा न येणारी, तिथल्या वाळूच्या पट्ट्याची माहिती नसलेली माणसं होती ती. कोष्टकाला मी पहिला दिवस का देते, ते यावरून कळावं.

कोष्टकात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस रंगवून ठेवा. मोठं उधाण त्या दिवशीच असतं असं नाही, बहुतेक ठिकाणी ते एक-दोन दिवसांनी येतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढ-उतार सर्वांत कमी. वर्षातली सर्वांत मोठी उधाणं मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास येतात. किनाऱ्यावरचा रस्ता कधी पाण्याखाली जातो, गाडी कुठे लावू नये, हे त्या दिवसांत आपोआप कळतं.

पायरी २: एकच जागा, चार वेळा

पहिल्या आठवड्यात गावभर भटकायचा मोह होतो. भटका, पण एक जागा नक्की करा आणि तिथे चार वेळा जा. एकदा पूर्ण भरतीला, एकदा पूर्ण ओहोटीला, एकदा पहाटे, एकदा वारा सुटलेला असताना. धक्क्याचं टोक चालेल, बंधाऱ्यावरचा बाक चालेल. प्रत्येक वेळी वहीत चार ओळी लिहा: पाणी कुठवर आहे, वारा कुठून येतोय, आवाज कसले, वास कसला.

वासावरून घाईने निष्कर्ष काढू नका. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाला गंधकासारखा, सडक्या अंड्यांचा वास येतो. चिखलातले जीवाणू प्राणवायूविना जगतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, त्याचा हा वास. गाव घाणेरडं असल्याची खूण नाही ती. उलट ओहोटीला चिखल नसूनही, ठरावीक जागीच, पावसानंतर वास येत असेल, तर तो सांडपाण्याचा असू शकतो. पुष्कळ जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून जातं आणि जोराच्या पावसात जादा पाणी समुद्रात सोडलं जातं. त्यामुळे मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस पोहायला उतरू नका.

आवाजांतही असंच. नांगरलेल्या शिडाच्या होड्यांच्या डोलकाठीवर दोर आपटून जो टिणटिण आवाज येतो, तो पहिल्या संध्याकाळी देवळातल्या घंटांसारखा गोड वाटतो. वादळी रात्री तोच चारशे डोलकाठ्यांवर वाजतो. समुद्रपक्षी उन्हाळ्यात पहाटे साडेतीनला उठतात आणि आपण उठलो आहोत हे सर्वांना कळवतात.

पायरी ३: वाऱ्याची ओळख करून घ्या

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे अंगावर येतात. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा येतो. ऊन असलेल्या दिवशी तो साधारण उशिरा सकाळी सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि संध्याकाळी पडतो. म्हणून सकाळी आरशासारखा असलेला समुद्र चार वाजता खवळलेला दिसतो. सायकल, होडी, कपडे वाळत घालणं, लहान मुलाला घेऊन फिरणं, सगळं शक्यतो सकाळी उरका. आत शहरात कडक ऊन असताना किनाऱ्यावर अंगात जाकीट लागतं, तेही या वाऱ्यामुळेच.

हवामानाच्या बातम्यांत वाऱ्याचं माप देशागणिक बदलतं. कुठे ताशी किलोमीटर, कुठे सेकंदाला मीटर, आणि समुद्रासाठीच्या अंदाजात नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. सेकंदाला मीटरच्या आकड्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. याशिवाय बोफर्टची ० ते १२ ही पट्टी असते. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने ती १८०५ मध्ये बसवली आणि गंमत म्हणजे तिला यंत्र लागत नाही. लाटांवर पांढरे फेसाचे तुरे सर्रास दिसू लागले की ४. झाडांच्या डहाळ्या मोडायला लागल्या आणि चालणं जड झालं की ८, म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर. ८ चा इशारा असेल त्या दिवशी फेरीबोटींच्या फेऱ्या रद्द होतात, बाल्कनीतली खुर्ची शेजारच्या अंगणात सापडते आणि छत्री उघडणारा माणूस नवा आहे हे अख्ख्या गावाला कळतं. छत्री सोडून द्या. टोपीचा, अंगाबरोबर बसणारा रेनकोट घ्या.

धुकंही वाऱ्याचंच भावंड. थंड प्रवाह जिथे किनाऱ्याला लागून वाहतो, तिथे त्यावरून आलेली ओलसर हवा धुकं होऊन आत शिरते. सॅन फ्रान्सिस्कोत भर उन्हाळ्यात ते गावावर बसतं. पेरूची राजधानी लिमा पाऊस जवळजवळ पडत नसूनही कित्येक महिने करड्या ढगाखाली असते. नामिबियातलं स्वाकोपमुंड तर वाळवंटाच्या काठावर असून धुक्यासाठी ओळखलं जातं. अशा गावी राहायला गेलात आणि पहिले दहा दिवस सूर्य दिसला नाही, तर त्याचा तुमच्या मनःस्थितीवर परिणाम होणारच. तो परिणाम गावाबद्दलच्या मतात मिसळू देऊ नका. दहा किलोमीटर आत जाऊन या, बहुधा तिथे लख्ख ऊन असतं.

पायरी ४: पाण्यात उतरण्याआधी

पोहता येतं, या एका गोष्टीवर विसंबू नका. तलावात पोहणं आणि समुद्रात पोहणं यांत पाणी एवढंच सामाईक आहे.

आधी निशाणं. लाल-पिवळ्या निशाणांमधल्या पट्ट्यावर जीवरक्षकांचं लक्ष असतं, पोहायचं तिथेच. लाल निशाण म्हणजे उतरू नका. अमेरिकेत दोन लाल निशाणं लावली की पाणी सर्वांसाठी बंद. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या निशाणांमधला भाग फळ्यांवरून लाटा खेळणाऱ्यांचा, तिथे पोहू नका. जांभळं दिसलं तर पाण्यात जेलिफिशसारखे त्रासदायक जीव आहेत. किनाऱ्यावर नारिंगी वातदर्शक पिशवी फडकत असेल तर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय. त्या दिवशी पाणी काठाशी अगदी शांत, गुळगुळीत दिसतं आणि म्हणूनच ते फसवं. हवा भरलेली गादी, रबरी चक्र किंवा पॅडलबोर्ड अशा वाऱ्यात काही मिनिटांत आत ओढला जातो. पोराच्या हातातला चेंडू उडाला तर उडू द्या, त्याच्यामागे जाऊ नका.

मग रिप करंट. फुटणाऱ्या लाटा काठाशी पाणी आणून टाकतात आणि ते पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेने जोरात परत जातं. उंचावरून बघितलं तर ही वाट ओळखू येते: दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा काळसर, सपाट, शांत. नवखा माणूस नेमका तिथे उतरतो, कारण तिथे लाटा नसतात. अडकलात तर काठाकडे तोंड करून प्रवाहाशी झुंजू नका, त्यात पट्टीचे पोहणारे दमून बुडाले आहेत. पाय टेकत असतील तर चालत या. नसतील तर तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा.

थंड पाण्याबद्दल उष्ण हवेतून आलेल्या माणसाला कल्पना नसते. समुद्र हवेपेक्षा कित्येक आठवडे मागे चालतो. उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण भागात पाणी सर्वांत गार फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं आणि सर्वांत उबदार ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे मे महिन्यातला पहिला उन्हाचा दिवस सर्वांत धोक्याचा, कारण हवा बोलावते आणि पाणी अजून हिवाळ्यातलं असतं. १५ अंश सेल्सियसखालच्या पाण्यात अचानक पडलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर खेळ संपतो. तो झटका मिनिट-दीड मिनिटात ओसरतो. तोवर काहीच करायचं नाही, पाठीवर तरंगत श्वास ताब्यात आणायचा. उडी मारून कधीच उतरू नका, पायरीपायरीने जा.

खडकांवर उभं राहून लाटांचे फोटो काढायची हौस असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं लांबून नुसतं बघा. मोठ्या लाटा घोळक्याने येतात आणि मध्ये बराच वेळ काही नसतं. आइसलंडच्या रेनिस्फ्यारा किनाऱ्यावर अशाच अचानक वर चढणाऱ्या लाटांनी पर्यटकांचे जीव घेतले आहेत. ओल्या, काळपट दिसणाऱ्या खडकावर पाय ठेवायचा नाही. तो ओला आहे याचाच अर्थ लाट तिथवर येते.

आणीबाणीचा क्रमांक फोनमध्ये भरून ठेवा, मात्र समुद्रासाठी तो वेगळा आहे का हेही विचारा. युरोपीय संघात ११२ सगळीकडे चालतो, तरी फ्रान्समध्ये समुद्री बचावाला थेट १९६ आहे. जपानमध्ये तटरक्षकांचा ११८. ब्रिटनमध्ये ९९९ लावून 'कोस्टगार्ड' असं स्पष्ट सांगावं लागतं.

पायरी ५: घर बघताना

समुद्र दिसणारी खिडकी बघून भान हरपू देऊ नका. घरमालक तुम्हाला खिडकीशीच उभं करेल. तुम्ही पाठ फिरवा आणि भिंती बघा.

समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. फुटणाऱ्या लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, काचांवर, दारांवर, गाडीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी शोषून विरघळायला लागतं. समुद्री मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाही पाणी ओढतो. समुद्रात भिजलेला टॉवेल दोन दिवस वाळत घालूनही चिकट का लागतो, याचं उत्तर हेच. गोड्या पाण्यात खळबळून काढला की प्रश्न मिटतो. भिंतीतलं मीठ मात्र खळबळून काढता येत नाही. भिंतीच्या खालच्या भागाला लोणा लागला आहे का, रंगाचे पोपडे सुटले आहेत का, नवा रंग फक्त एकाच भिंतीला दिलाय का, हे बघा. नुसता एका भिंतीला ताजा रंग असेल तर हसून विचारा, 'इथे काय झालं होतं?'

कपाटं उघडून वास घ्या. कुबट वास परफ्यूमने झाकत नाही. खिडक्यांच्या चौकटीच्या कोपऱ्यांत, पलंगामागे, बाथरूमच्या छताला काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. थोडी असेल तर पुसता येते, सगळ्या भिंतीभर असेल तर घर सोडून द्या, दृश्य कितीही सुंदर असो. हीटर कसला आहे, बाथरूममध्ये पंखा आहे का, तो खरंच हवा बाहेर टाकतो का, हे पाहायला कागदाचा चिटोरा पंख्याला लावून बघा. चिकटला तर चालतोय.

राहायला गेल्यावर आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र घ्या. आकडा ४० ते ६० टक्क्यांत ठेवायचा. वर जात असेल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, लावा. खिडकी उघडली की ओल जाते हा समज धुक्याच्या दिवशी उलटा पडतो, तेव्हा बाहेरची हवाच आतल्यापेक्षा ओली असते. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडा, तेवढं पुरतं. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा. चामड्याच्या वस्तू बंद पेटीत ठेवल्या तर त्यांच्यावर हिरवट साय धरते.

गंजाचा हिशोब वेगळा. सायकलीची साखळी, कुलूप, बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं खोकं, गाडीचा तळ, सगळ्याला महिन्यातून एकदा गोड्या पाण्याची धार द्या आणि हलत्या भागांना तेल. स्टेनलेस स्टील म्हणून घेतलेल्या वस्तूवरही तपकिरी डाग पडतात. ३०४ प्रकारचं स्टील खाऱ्या हवेत टिकत नाही, मॉलिब्डेनम हा धातू घातलेलं ३१६ टिकतं. बाहेर लावायचे खिळे, स्क्रू, कडी-कोयंडे घेताना हा आकडा दुकानात सांगा. दुकानदार तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

ऊन कोणत्या बाजूने येतं तेही तपासा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला गेलात तर सूर्य दुपारी उत्तरेकडे असतो, म्हणून तिथे उत्तराभिमुख घराला मागणी. दक्षिणेकडे तोंड असलेलं घर आवडून घेतलं तर पूर्ण हिवाळा सावलीत जाईल.

आता करार. पर्यटकांच्या गावात हिवाळ्यापुरती घरं भाड्याने मिळतात आणि उन्हाळा आला की रिकामी करावी लागतात. भाडं कमी असल्याच्या आनंदात ती तारीख वाचायची राहते. वर्षभराचा करार आहे का, उन्हाळ्यात भाडं वाढतं का, पुराचा आणि वादळाचा विमा कोणाचा, हे लेखी घ्या. पूररेषेचे नकाशे अनेक देशांत सरकारी संकेतस्थळांवर फुकट बघायला मिळतात, पत्ता टाकून बघा.

पायरी ६: पळायची वाट आधी चालून या

हे वाचून घाबरायचं नाही, एका संध्याकाळचं काम आहे.

वादळात पाणी कोष्टकातल्या आकड्यापेक्षा वर येतं. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो आणि त्यावर वारा पाणी काठाकडे रेटतो. हे सगळं उधाणाच्या भरतीवर येऊन पडलं की काय होतं, ते ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राने दाखवलं. एकट्या नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. म्हणून वादळाचा इशारा आला की पहिला प्रश्न, भरती किती वाजता?

भूकंपप्रवण किनाऱ्यावर राहत असाल तर त्सुनामीच्या पाट्या शोधा. उंचावर नेणारी वाट पायी चालून बघा, घड्याळ लावून, मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर घेऊन. भूकंप मिनिटभर लांबला किंवा उभं राहणं कठीण झालं, तर भोंग्याची वाट बघायची नाही, निघायचं. समुद्र अचानक मागे हटला, तळ उघडा पडला तरी तेच. २६ डिसेंबर २००४ ला थायलंडमधल्या फुकेतच्या एका किनाऱ्यावर १० वर्षांच्या ब्रिटिश मुलीने फेसाळणारं पाणी बघून आईवडिलांना ओरडून सांगितलं, कारण दोनच आठवड्यांपूर्वी तिने शाळेत भूगोलाच्या तासाला हे शिकलं होतं. त्या किनाऱ्यावरची माणसं वाचली. आणखी एक, पहिली लाट सर्वांत मोठी असेलच असं नाही. पाणी ओसरलं म्हणून सामान बघायला खाली उतरू नका, सरकारी सूचना येईपर्यंत वरच थांबा.

महिन्याच्या ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी भोंगा वाजत असेल तर ती बहुधा चाचणी असते. तो दिवस कोणता ते शेजाऱ्यांना आधी विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं. ओल्या केसांनी रस्त्यावर उभी राहिलेली एकटीच बाई मी होते.

पायरी ७: माणसं

पर्यटकांच्या गावातली माणसं उन्हाळ्यात तुटक वागतात. ती थकलेली असतात आणि तुम्ही पुढच्या रविवारी जाणार असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. यावरून 'इथले लोक थंड आहेत' असं वहीत लिहिलंत तर बाजूला महिनाही लिहा. गर्दी ओसरल्यावर तुम्ही अजून इथेच दिसता हे लक्षात आलं की तोच फेरीच्या तिकिटांचा माणूस स्वतःहून सांगतो की उद्याची सकाळची फेरी वाऱ्यामुळे सुटणार नाही.

भाषा अडखळत असली तरी समुद्राबद्दलचा एक प्रश्न रोज विचारता येतो आणि त्याचं उत्तर द्यायला कोणी कंटाळत नाही. वारा आज कुठून? पाणी किती वर येईल? धक्क्यावर जाळी शिवणाऱ्या माणसाला विचारा, मात्र तो दोर सोडत किंवा बांधत असताना नाही. त्याच्या होडीवर पाय ठेवायचा तर विचारल्याशिवाय नाही.

ओळखी वाढवायला दोन चांगल्या जागा. एक, किनारा स्वच्छ करणारी स्वयंसेवकांची टोळी. दोन, समुद्री बचाव संस्था. अनेक देशांत हे काम मुख्यतः स्वयंसेवकच करतात. ब्रिटन आणि आयर्लंडमधली आरएनएलआय ही संस्था १८२४ पासून आहे आणि लोकांच्या देणग्यांवर चालते, जर्मनीतली अशीच संस्था १८६५ पासून आहे. होडीवर जायला सगळेच योग्य नसतात, पण निधी गोळा करणं, दुकान सांभाळणं, शाळांत सुरक्षेचे धडे देणं यासाठी नवखी माणसं चालतात. अर्धवट भाषा तिथे महिन्याभरात सुधारते, वर्गात बसून सुधारत नाही.

समुद्रपक्ष्यांशी मात्र मैत्री करू नका. हातातलं काहीही ते मागून येऊन पळवतात. पिल्लांच्या दिवसांत, म्हणजे उत्तर गोलार्धात साधारण मे ते जुलै, डोक्यावर झेप घेतात. पिल्लू जमिनीवर दिसलं तर वाट बदला, दुसऱ्या बाजूने जा. कचऱ्याची पिशवी आदल्या रात्री बाहेर ठेवलीत तर सकाळी तुमचा सगळा खासगी कारभार रस्त्यावर मांडलेला असेल.

पायरी ८: तीन महिन्यांनी वही उघडा

सरकारी नोंदणी, डॉक्टर, बँक ही कामं कुठल्याही गावात करावी लागतात तशी इथेही करा. फक्त कार्यालयांच्या वेळा मोसमानुसार बदलतात का ते बघा. फेऱ्यांचं आणि बसचं हिवाळी वेळापत्रक वेगळं असतं. रोजच्या नोकरीची वाट त्यावर अवलंबून असेल तर हिवाळी पान आधी वाचा. ऑगस्टमध्ये दर वीस मिनिटांनी येणारी बस डिसेंबरात दोन तासांनी येते.

तीन महिन्यांनंतर एका संध्याकाळी पहिल्या आठवड्याच्या नोंदी काढा. प्रत्येक नोंदीपुढे त्या दिवशी भरती होती की ओहोटी, वारा कसा होता, ऊन होतं का, हे कोष्टकावरून लिहा. बऱ्याच तक्रारी एकाच प्रकारच्या दिवशीच्या निघतील. माझ्या निघाल्या: सगळ्या ओहोटीच्या, दुपारच्या, वाऱ्याच्या. ज्या तक्रारी सगळ्या प्रकारच्या दिवशी पुन्हा पुन्हा आल्या आहेत, त्या खऱ्या. बाथरूमच्या छतावरचे काळे ठिपके, उत्तरेची थंडगार खोली, रात्री उशिराची शेवटची बस चुकणं. त्यांच्याखाली आता पेनने रेघ मारा आणि भाडेकराराची मुदत कधी संपते ती तारीख शेजारी लिहून ठेवा.